बिअरला केळ्याचा वास

आमच्या खान्देशात दारू कोणी पीत नाही. लोक फक्त ‘बसतात’. ‘आज बसायचं का?’ एवढं विचारलं की पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. बसायच्या जागाही ठरलेल्या आहेत: मळ्यातल्या विहिरीवरची खोली, जिनिंगच्या मागचं आवार, बांधकाम अर्धवट राहिलेली मित्राची गच्ची, नाहीतर हायवेवरचं एखादं गार्डन हॉटेल. तिथल्या झाडांवरचे दिवे इतके मिणमिणते असतात, की शेजारच्या टेबलावर आपले सख्खे काका बसलेत हे ते बिलावरून वेटरशी भांडायला लागल्यावर आवाजानं कळतं. दारावर ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ अशी पाटी. म्हणजे एकाच फॅमिलीतले पुरुष परमिट रूममध्ये आणि बायकामुलं शेवभाजीच्या बाजूला. मध्ये एक पडदा, आणि त्या पडद्याचा मान दोन्हीकडची मंडळी कसोशीनं राखतात. कायद्याचं म्हणाल, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो. बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण असावं लागतं. बसणाऱ्यांपैकी परवाना फारसा कोणाकडे नसतो. वय मात्र सगळ्यांकडे भरपूर असतं.

हिवाळ्यातली भरीत पार्टीच घ्या. पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, बडगीत ठेचली जातात, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जातात, कांद्याची पात येते. सगळं कसं उघड्यावर, चारचौघांत. पण मधूनच निम्मी मंडळी ‘मोटर बंद करून येतो’ म्हणून केळीच्या बागेत शिरतात. विहिरीवरची एक मोटर बंद करायला इतकी माणसं लागतात, आणि ती बंद करून माणूस इतका प्रेमळ होऊन परततो, याची वीज कंपनीलाही कल्पना नसेल.

गाण्याचं मात्र आमचं अगदी उलट. गाणं लपवून ठेवणं खान्देशाला जमलेलंच नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्र गाण्यांनी जागते आणि सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत धुळ्या-जळगावच्या गल्ल्यांतून आजीपासून नातीपर्यंत सगळ्या जणी बँडपुढे नाचतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधून सासरहून आलेल्या पोरी गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासूचं जे वर्णन असतं ते सासरपर्यंत ऐकू जावं, अशा पट्टीतच ती म्हटली जातात. वहीगायनवाले डफ घेऊन रात्र काढतात. शास्त्रीय संगीतातही आम्ही मागे नाही. नारायणराव राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी काही काळ जळगावात होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथं मेहबूबखाँकडे घेतले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावात दर जानेवारीत होतो. लता मंगेशकरांचं आजोळ धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचं थाळनेर. हे वाक्य धुळेकर पाहुण्याला पाणी देताना सांगतो आणि चहा देताना पुन्हा सांगतो.

पण खरी सत्ता लग्नाच्या बँडची. पूर्वी पितळी वाद्यं आणि झालरीचे अंगरखे असत. आता एक गाडी असते. तिला आरसे, रंगीत दिवे, चारी बाजूंना स्पीकर. गाडीवर कीबोर्डवाला आणि खाली माइक घेतलेला गायक. अलीकडे अहिराणी गाण्यांना असे बरे दिवस आलेत, की झुमकेवाल्या पोरीवरचं एक गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजलं. ते लागलं की नवरदेवाची घोडीसुद्धा पुढे सरकायला नाही म्हणते. अशा वेळी कोणीतरी पाहुणा गर्दीतून वाट काढत येतो. खिशातून नोट काढतो, नवरदेवाच्या डोक्यावरून ओवाळतो, गायकाच्या हातात ठेवतो आणि त्याच्या कानात काहीतरी सांगतो. गायक गाणं मध्येच तोडून जाहीर करतो, अमळनेरच्या मामांकडून पन्नास रुपये बक्षीस! मामा छाती फुगवतात. लगेच पारोळ्याच्या मावसांना पन्नासाची लाज वाटून शंभराची नोट निघते. वरात अर्धा तास तिथंच. मुहूर्त टळतो, भटजी घड्याळ दाखवतात, पण चोपड्याचे आतेभाऊ अजून खिसा चाचपत असतात.

म्हणजे आमच्याकडे पिणं अंधारात आणि गाणं उजेडात. नेमकं याच्या उलट मांडून ठेवलेलं ठिकाण मी पुण्यात पाहिलं.

माझा पुतण्या पुण्याला आयटीत आहे. आठवडाभर लॅपटॉप बडवतो आणि शनिवारी गिटार वाजवतो. घरी ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण स्थळांना पाठवायच्या बायोडाटात ‘संगीताची आवड’ एवढंच लिहिलेलं आहे. गिटार म्हटलं की मुलीकडचे पगाराची स्लिप दोनदा बघतात. तर चिंचवडला एका लग्नासाठी आम्ही गेलेलो असताना त्यानं मोबाइलवर एक पोस्टर पाठवलं. ‘लोकल लाइव्ह म्युझिक नाइट’. खाली मायक्रोब्रुअरीचं नाव. त्याच्या खाली, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत, त्याच्या बँडचं नाव.

‘काका, तुम्ही एकटेच या,’ असं त्यानं कळवलं होतं. खान्देशात एकटं येणं ही कल्पना नाही. माझ्याबरोबर रावेर तालुक्यातले बापूमामा आले, ज्यांची हयात केळीच्या बागेत गेली. आणि धुळ्याचे आमचे साडू आले, जे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले असले तरी कुठल्याही दारातून आत शिरताना ‘मागे सरका, पुढे जागा आहे’ असं म्हणतातच.

वाटेत रिक्षात मामांना मायक्रोब्रुअरी समजावून द्यावी लागली. मी म्हटलं, आपलं गुऱ्हाळ असतं ना मामा, तिथंच काढायचं, तिथंच विकायचं, गिऱ्हाईक तिथंच बसून पिणार. मामांना ते एकदम पटलं. महाराष्ट्रात ही पद्धत सुरू झाली ती पुण्यातच. २००९ साली इथं डूलाली सुरू झाली, आणि मग मुंढवा, कोरेगाव पार्क असं करत शहरभर अशी ठिकाणं निघाली. त्यांतल्या कुठल्या ठिकाणी आम्ही गेलो हे सांगत नाही. पुढचं वाचल्यावर कारण कळेल.

आत गेलो तर समोर काचेची भली मोठी भिंत. काचेमागे तांब्याच्या आणि स्टीलच्या टाक्या, नळ्या, घड्याळासारखे काटे. आणि सगळ्यावर वरून खास दिव्यांचा झोत. देवघरात समईसुद्धा इतक्या विचारानं ठेवत नाहीत. साडू काचेला नाक लावून उभे राहिले.

‘हाई काय से भो? भट्टी काचमा ठेयेल से आनि वरतीन लाइट बी!’

मी म्हटलं, इथं दाखवायचीच पद्धत आहे.

‘आमनाकडे पोलीस येतस त भट्टी फोडतस,’ साडू म्हणाले, ‘आठे पोलीस येतस त टेबल बुक करतस.’

आम्हाला टेबल मिळालं ते टाक्यांच्या समोरचं, म्हणजे मानाचं. काळा एप्रन बांधलेला, दाढी कोरलेला एक मुलगा आला आणि लाकडी पट्टीवर बसवलेले चार छोटे ग्लास आमच्यापुढे ठेवून गेला. चव घेऊन बघा आणि मग काय हवं ते सांगा, म्हणाला. चाखायला फुकट द्यायचं आणि मग विकायचं, ही रीत मामांना अगदी बाजारातली वाटली. ते सावरून बसले. पहिला ग्लास काळा होता. त्यात कॉफीचा वास आहे असं मुलगा म्हणाला. साडू म्हणाले, मग कॉफीच आन. दुसरा कडू. तिसरा आंबट. चौथा गढूळ, पिवळसर, वर जाड पांढरा फेस. मुलगा किंचित वाकला आणि गुपित सांगावं तसं म्हणाला, ‘ही गव्हाची बिअर, सर. हेफेवाइत्सेन. हिच्यात बनाना नोट्स आहेत.’

‘काय आहे?’ मामांनी विचारलं.

‘केळं, काका.’

मामांनी खिशातून मोबाइल काढला, त्याची टॉर्च लावली आणि ग्लासाच्या बुडाशी धरली. फेसाच्या वरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, खालून पाहिलं. आजूबाजूची दोन टेबलं बोलायची थांबली.

‘याच्यात केयं कुठी आहे?’

‘केळं घातलेलं नाही, काका. नुसता वास येतो.’

‘केयं न घालता केयाचा वास?’

‘हो.’

मामांनी ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. रावेर-सावद्याकडे केळीची जाण असलेला माणूस घडावर नुसता हात फिरवून माल किती दिवसांत पिकेल ते सांगतो; इथं तर फक्त वासावर निकाल द्यायचा होता. आम्ही श्वास रोखून बसलो. एप्रनवाला मुलगाही.

‘हा झाडावरच्या केयाचा वास नाही,’ मामा शेवटी म्हणाले. ‘हा रायपनिंग चेंबरमंधला. अन् माल एक दिस आधी काहाडला.’

मुलानं ‘थँक यू, सर’ म्हटलं. त्याच्या प्रशिक्षणात या उत्तरापुढचं काही शिकवलेलं नसावं.

खरं तर तो मुलगा बोलला त्यात काही खोटं नव्हतं. गव्हाची ही जर्मन बिअर ज्या यीस्टनं आंबवतात ते यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं रसायन तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासात मुख्य असतं ते हेच. बव्हेरियात १५१६ साली बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचं नाही असा कायदा झाला होता. गव्हाच्या बिअरला पुढे त्यातून वाट काढून मिळाली, पण केळं तिथं कोणी घातलं नाही; घालायला होतं कुणाकडे? तरी वास आलाच. मधमाश्यासुद्धा डंख मारताना हेच रसायन सोडून बाकीच्या माश्यांना बोलावून घेतात. म्हणून पोळ्याजवळ केळं खाऊन जाऊ नये म्हणतात. हे सगळं मी मामांना जमेल तसं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर मेनूकार्डावर होती. रावेरच्या केळीच्या भावात नवती, पिलबाग आणि वापसी असे वर्ग असतात. बागेच्या पहिल्या पिकाला एक भाव, खोडव्याला दुसरा, आणि उरलेल्या मालाला जो मिळेल तो. मामांनी मेनूवरचा आकडा पाहिला, मग मनातल्या मनात क्विंटलशी गुणाकार केला असावा, कारण त्यांचे ओठ हलत होते.

‘जळगावच्या केयाले २०१६ ले जीआय मियालं,’ ते म्हणाले. ‘पेपरात फोटो आला. भाव व्हता तोच राह्यला. अन् इथं बघ. आपुन जलमभर केयं इकलं, अन् वास फुकट देल्ला.’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. साडूंनी तिघांसाठी तीच मागवली.

एवढ्यात गाणं सुरू झालं. कुठून आवाज येतो ते आधी कळेना. मग जिन्याखाली, प्रसाधनगृहाच्या दाराला लागून, एका अंधाऱ्या कोपऱ्यात काही हालचाल दिसली. तिथं आमचा पुतण्या गिटार घेऊन उभा होता. त्याच्या डोक्यावर जिन्याची खालची बाजू, त्यामुळे तो जरासा वाकून वाजवत होता. टाक्यांवर दिव्यांचा झोत होता, फळ्यावर बिअरची नावं रंगीत खडूनं सजवून लिहिलेली होती, मोठ्या पडद्यावर आवाज बंद करून क्रिकेटचा सामना लावलेला होता. उजेड पुरवून झाल्यावर जो काही अंधार उरला, तो बँडला दिलेला होता.

‘लोकल म्हंजे कोनता गावना?’ साडूंनी विचारलं.

ही माहिती माझ्याकडे होती. गाणारी मुलगी भिलाईची. ढोल, म्हणजे ड्रम, वाजवणारा कोइमतूरचा. बेस गिटारवाला लखनौचा. आमचा जळगावचा. पुण्याचं म्हणावं असं त्या संध्याकाळी तिथं कोणी होतं का, याची साडूंनी कंडक्टरच्या बाण्यानं चौकशी केली. मॅनेजर मंगळुरूकडचे निघाले, एप्रनवाला मुलगा बिहारचा आणि बाहेर गाड्या लावणारे काका लातूरचे. तेव्हा लोकल काय असेल ते फक्त पाणी.

मुलगी गात छान होती. आवाजात ताकद होती. पहिली गाणी इंग्रजी, मग एक जुनं हिंदी, मग तिनं स्वतः लिहिलेलं एक. पण ऐकणाऱ्यांचं काय सांगावं! जिन्याखालच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसायची सोय एकाही खुर्चीला नव्हती. लोक एकमेकांकडे बघून मोठमोठ्यानं बोलत होते, आणि गाण्याचा आवाज वाढला की तेही वाढवत होते. स्वतः लिहिलेल्या गाण्याचा शेवटचा सूर तिनं सोडला आणि सगळ्या हॉलमधून टाळ्यांचा, शिट्ट्यांचा कडकडाट झाला. तिनं डोळे उघडून लाजत ‘थँक यू’ म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं, की सामन्यात कोणीतरी षटकार मारला होता. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं गाणं सुरू केलं. प्रसाधनगृहाकडे जाणारी माणसं तेवढी तिच्याकडे बघत होती, तीही ‘जरा सरकता का’ म्हणण्यापुरती.

साडू उठले. मला वाटलं, तेही तिकडेच निघाले. पण ते कोपऱ्यापाशी थांबले, खिशातून पन्नासाची नोट काढली आणि त्या मुलीच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली. मुलगी गाता गाता मागे सरकली. तिला हे जादूटोण्यातलं वाटलं असणार. पुतण्यानं गिटार वाजवत वाजवतच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांमुळे चांगला ठाऊक आहे. साडूंनी नोट तिच्या हातात दिली, तिकिटं फाडायच्या सवयीनं खिशातला कागद टराटरा फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि तोही दिला. गाणं संपल्यावर भिलाईच्या त्या मुलीनं माइकवर अडखळत वाचलं, ‘ढुले के मेहमान की ओर से... पचास रुपये... बक्षीस?’

क्षणभर शांतता झाली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा हॉलमधल्या माना जिन्याखाली वळल्या.

आणि लांबच्या टेबलावरून एक जाडजूड तरुण उठला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ‘भो, शिरपूरकडून शंभर!’ म्हणत तो तडक बँडकडे गेला. खान्देशातल्या माणसासमोर शेजारच्या गावानं पन्नास जाहीर केल्यावर त्याला खुर्चीत बसवणारी बिअर अजून निघायची आहे. मग पाचोऱ्याचं एक जोडपं निघालं. साक्रीचे दोघे निघाले, ते तर परस्परांना ओळखतही नव्हते. ती ओळख तिथंच, नोट ओवाळताना झाली. मामांनी शांतपणे पाकीट काढलं, ‘रावेर’ एवढंच लिहून पाठवलं आणि आकडा सगळ्यांत मोठा ठेवला. मुलीचा उच्चार सुधारत गेला. शेवटी शेवटी ती ‘पारोळा’मधला ळ सुद्धा म्हणू लागली. नोटा ठेवायला काही नव्हतं म्हणून ड्रमवाल्यानं नाचोजची रिकामी टोपली पुढे केली. मॅनेजर धावत आले. इथं रोख रकमेचा असा कार्यक्रम चालतो की नाही याबद्दल नियमात काही लिहिलेलं नसल्यामुळे ते फार अस्वस्थ होते. मग त्यांनीच विचारलं, ‘क्यूआर कोड लावू का?’

मध्यंतरात पुतण्या आमच्या टेबलाशी आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

‘काका, इथं असं करत नाहीत.’

‘मग कसं करतात?’ मामांनी विचारलं.

तो थोडा थांबला. ‘म्हणजे... तसं काहीच करत नाहीत.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बँडला पैसे नव्हते. नवीन कलाकारांना व्यासपीठ मिळतं, ओळख होते, हाच मोबदला. शिवाय प्रत्येकाला एक ग्लास बिअर आणि जेवणाचं कूपन. कूपन फक्त ठरावीक पदार्थांवर चालतं आणि स्वयंपाकघर बंद व्हायच्या आत वापरावं लागतं. पण बँडचं वाजवणं संपतं तेव्हा स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. साडूंच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला.

‘वाजाडनारं पोरगं उपाशी, आनि आपन चाखना खाई राह्यनूत?’

हे आम्हाला सहन होण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे लग्नाची तारीख ठरली की मंगल कार्यालयाच्या आधी बँडची सुपारी जाते. ठरलेल्यातली काही रक्कम हातात पडल्याशिवाय बँडमास्तर वहीत तारीख लिहीत नाही. वरमाईनंतर लग्नात कोणाचा रुसवा काढावा लागत असेल तर तो बँडमास्तरचा. त्यांचं जेवण राहिलं तर वरात निघताना कीबोर्डवाला असा काही सूर धरतो, की नवरीकडच्या मंडळींना लग्नात आहोत की आणखी कुठं, असा प्रश्न पडावा. म्हणून घरातला एखादा खमक्या माणूस फक्त बँडवाल्यांच्या पंगतीवर ठेवलेला असतो. तिथं बाजारभाव आहे, भांडण आहे, घासाघीस आहे. पण ‘तुम्हाला चारचौघांत वाजवायला मिळतं हेच खूप’ असं बँडमास्तरला म्हणून बघा. तो गाडीसकट तुमच्या वऱ्हाडातून निघून जाईल.

नोटा ओवाळण्याचं मी उगाच कौतुक करत नाही. त्यात मिरवणं आहे, गावागावांतली खुन्नस आहे. तमाशाच्या बोर्डावर हीच नोट एखाद्या नाचणारीला नको त्या अंतरावर बोलावून घेते, तेव्हा मान खाली घालावीशी वाटते. पण त्या नोटेत एक सरळपणा आहे. ती देणाऱ्याला उठून वाजवणाऱ्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि तोवर त्याची पाठ बाकी सगळ्यांकडे असते. शिवाय ती मधल्या कोणाच्या गल्ल्यात न जाता थेट त्याच्या हातात पडते. त्या रात्री नाचोजच्या टोपलीत जे जमलं, ते त्या बँडनं तोवर कमावलेलं सगळ्यांत मोठं मानधन निघालं. टोपलीतले पैसे मोजताना कोइमतूरच्या ड्रमवाल्यानं विचारलं, धुळ्याला गाडी कुठून मिळते?

परतीच्या वाटेवर मामांनी विषय काढला. जळगावला अशी बिअर निघाली तर? मी म्हटलं, निघायला काय हरकत आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे तहान घरचीच. आणि माल तर आपल्या दारात पडलाय. युगांडा आणि रवांडाकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या केळ्याच्या रसाची बिअर करतात. आंबवण्यासाठी त्यात ज्वारीचं भाजलेलं पीठ घालतात. केळं आणि ज्वारी! दोन्ही आमचीच पिकं. आमच्या बाया तर ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालून आंबवतातसुद्धा. आफ्रिकेत त्या ज्वारीचं जे होतं ते होतं. आमच्याकडे तिचे बिबडे होतात, गच्चीवर वाळतात आणि पुण्यातल्या मुलांना डब्यात जातात. म्हणजे बिअरच्या अर्ध्या वाटेपर्यंत खान्देश कधीच पोचलेला आहे. तिथून त्यानं चाखण्याकडे वळण घेतलं, एवढंच.

मामा बराच वेळ हिशेब करत होते. मग त्यांनी अटी सांगितल्या. केळ्याचा वास खऱ्या केळ्याचाच हवा, आणि तो वापसीच्या मालातून काढायचा, म्हणजे पडत्या भावात शेतकऱ्याला आधार. चाखण्याला बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी. टाक्या मागं, भिंतीआड. भट्टी बघायला कोणी तिकीट काढत नाही. आणि मधोमध, सगळे दिवे ज्याच्यावर पडतील असा, वाजवणाऱ्यांचा ओटा. त्यावर एक दिवस वहीगायनाचा डफ, एक दिवस अहिराणी पोरं, एक दिवस नाट्यगीतं, एक दिवस भिलाईच्या त्या मुलीची स्वतः लिहिलेली गाणी. त्यांची पंगत आधी, पैसे त्याच्याही आधी. साडूंनी एकच दुरुस्ती सुचवली: क्रिकेटचा पडदा नको, पाहिजेच असेल तर प्रसाधनगृहात लावा.

असा कारखाना जळगावात निघेल तेव्हा निघेल. परवाना, भांडवल आणि घरच्यांची परवानगी, यांत शेवटचीच गोष्ट सगळ्यांत अवघड. तोवर माझं सांगणं एवढंच. पुण्यात असा की धुळ्यात, हॉटेलात असा की लग्नात, तुमच्या समोर कोणी जिवंत माणूस गात असेल किंवा वाजवत असेल, तर खुर्ची त्याच्याकडे फिरवून बसा. गाणं आवडलं तर उठून जा आणि पैसे त्याच्याच हातात द्या. ओवाळायचे की नाहीत ते तुमच्या गावच्या रिवाजाप्रमाणे ठरवा. आणि बिल मागवण्याआधी मॅनेजरला बोलावून विचारा, या पोरांना काय देता, आणि ती जेवली का? हे विचारायला परवाना लागत नाही, वयाचीही अट नाही.